काळा पडदा आणि पंडितांचा न्याय

लिनक्सच्या जाणकार मंडळींत एक मत इतके मुरले आहे, की ते केवळ मत आहे याचा त्यांनाही विसर पडला असून, सृष्टिनियम सांगावा अशा निश्चिंतीने ते ऐकवले जाते. एखाद्या गृहस्थाने आपल्या संगणकावर उबुंटू वा फेडोरा बसवावे, यंत्रात एनव्हिडियाचे कार्ड असल्यामुळे त्या कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर टाकावा, यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि डेस्कटॉपच्या जागी निव्वळ काळा पडदा व डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ एवढेच दर्शन घडावे. मग ही कैफियत घेऊन तो जाणत्यांच्या दारी गेला, म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो. चूक त्याची. दस्तऐवज उपलब्ध होते, ते त्याने वाचले नाहीत. कार्ड घेताना चौकशी केली नाही. टर्मिनलमध्ये जी कमांड चिकटवली तिचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. आणि एवढ्या कष्टांची तयारी नसेल तर विंडोज ही सोय अशाच लोकांसाठी आहे. निकालपत्राच्या शेवटी, अपराध्याच्या नैतिक उन्नतीसाठी म्हणून, असेही जोडण्यात येते की अशा अडचणींतूनच माणूस शिकतो, आणि आम्हीही असेच शिकलो.

हे मत केवळ उद्धट पोरांचे असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्यांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे, जे रात्र रात्र जागून परक्याचे यंत्र विनामूल्य दुरुस्त करून देतात, अशी सज्जन माणसेही या एका बाबतीत हटकून हाच सूर लावतात. सज्जनांच्या तोंडी गेलेला अन्याय अधिक दिवस टिकतो, म्हणून त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

दस्तऐवज वाचले नाहीत, हा पहिला आरोप. ठीक, पण वाचायचे कोणाचे? एनव्हिडिया आपल्या ड्रायव्हरची एक स्वयंचलित फाइल देते, आणि सोबतच्या टिपणात सांगते की ग्राफिकल सत्र बंद करा, मजकुरी कन्सोलवर जा, नूव्हो हा खुला ड्रायव्हर निकामी करा आणि मग ही फाइल चालवा. वितरणांचे जाणते बजावतात, की त्या फाइलला हातही लावू नका. तिने टाकलेल्या वस्तूंची नोंद पॅकेज-व्यवस्थेच्या दप्तरी राहत नाही आणि पुढच्या अपडेटला दोहोंची टक्कर होते, तेव्हा आमच्याच भांडारातले पॅकेज घ्या. डेबियनमध्ये त्यासाठी 'नॉन-फ्री' हा विभाग आधी चालू करावा लागतो; फेडोरात आरपीएम फ्यूजन नावाच्या बाहेरच्या भांडाराला दाराआड घ्यावे लागते. दोन अधिकाऱ्यांनी एकाच कामासाठी परस्परविरुद्ध हुकूम काढावेत, आणि रयतेने त्यांतला एक पाळला की दुसऱ्याच्या अवमानाबद्दल तिलाच दंड व्हावा, हा कारभार कोणत्या शहाण्या राज्यातला?

बरे, आज्ञाधारकपणे वितरणाचाच मार्ग धरला तर? उबुंटूच्या 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' या खिडकीत एकाच कार्डासमोर अनेक ओळी उभ्या राहतात: एका क्रमांकाचा ड्रायव्हर, त्याच क्रमांकाचा 'ओपन' म्हणवणारा, त्याच क्रमांकाचा 'सर्व्हर' जातीचा, शिवाय मागच्या क्रमांकांची पिलावळ. यांपैकी कोणता घ्यावा हे कार्डाच्या पिढीवर अवलंबून आहे. २०१८ साली आलेल्या ट्युरिंग पिढीपूर्वीची कार्डे 'ओपन' मॉड्यूलांवर चालतच नाहीत. २०२५ साली आलेली ब्लॅकवेल पिढीची कार्डे 'ओपन' वगळता दुसऱ्या कशावर चालत नाहीत. मधल्यांना दोन्ही चालतात. आणि फारच जुनी कार्डे असतील, तर त्यांच्यासाठी ३९० वा ४७० अशा जुन्या क्रमांकांच्या शाखा, ज्यांचा सांभाळ कंपनीने सोडून दिला आहे. दहा वर्षांपूर्वीच्या कोणत्याही सल्ल्यात खुल्यापासून दूर राहून बंदिस्त घ्यावा, असे लिहिलेले सापडेल. तो सल्ला आज नव्या कार्डाच्या मालकाने शब्दशः पाळला तर त्याचे यंत्र अंधारात बुडेल. म्हणजे ज्याने वाचले नाही त्याची फसगत होते हे खरे, परंतु ज्याने मन लावून वाचले त्याचीही होते, आणि कित्येकदा अधिक होते.

आता यंत्राच्या स्वतःच्या वाणीकडे वळू. कारण पंडित मोठ्या विश्वासाने सांगतात, की यंत्र काय म्हणते ते नीट ऐक. ड्रायव्हरची प्रकृती विचारण्यासाठी 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कमांड आहे. मॉड्यूल कर्नलमध्ये चढले नसले, म्हणजे ती सांगते की ड्रायव्हरशी संपर्क होऊ शकत नाही, आणि पुढे सल्ला देते की नवीनतम ड्रायव्हर बसवलेला व चालू असल्याची खात्री करून घ्या. या सल्ल्यातला 'नवीनतम' हा एक शब्द अनेकांच्या नाशाला कारण झाला आहे. कारण दोष बहुधा ड्रायव्हरच्या वयाचा नसतोच. एक तर मॉड्यूल बांधले गेलेले नसते, अथवा बांधले गेले पण त्याची सही यंत्राला मान्य नसते. पण आज्ञाधारक माणूस निमूटपणे नवीनतम फाइल उतरवून घेतो, आधीच्या पॅकेजावर ती ठोकतो, आणि जो गुंता एक गाठ सोडून सुटला असता त्याच्या आता सात गाठी होतात. मॉड्यूल हाताने चढवायला जावे, तर उत्तर येते की सेवेने किल्ली नाकारली. कोणती सेवा, कसली किल्ली, ती कोणी कोणाकडे मागितली होती, याचा अवाक्षरानेही खुलासा नाही. इतका त्रोटक जबाब एखाद्या तलाठ्याने दिला असता तर त्याच्याविरुद्ध अर्ज गेला असता. यंत्राने दिला म्हणजे मात्र अर्जदार अडाणी!

या किल्लीची हकीकत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. आजच्या बहुतेक यंत्रांत सिक्युअर बूट चालू असते: ज्या मॉड्यूलावर ओळखीच्या किल्लीची सही नाही, ते कर्नलमध्ये चढू द्यायचे नाही, हा त्याचा बंदोबस्त. घरच्या यंत्रावर बांधलेल्या मॉड्यूलाला अशी सही घरच्याच किल्लीने द्यावी लागते, आणि ती किल्ली यंत्राच्या फर्मवेअरच्या दप्तरी नोंदवावी लागते. त्यासाठी ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक परवलीचा शब्द मागते, बहुतेक लोक तो कशासाठी हे न कळता देतात. मग यंत्र पुन्हा सुरू होताना निळ्या रंगाचा एक पडदा येतो, 'मोक' व्यवस्थापनासाठी कोणतीही कळ दाबा असे म्हणतो, आणि दहापासून उलटी मोजणी सुरू करतो. त्या दहा सेकंदांत कळ दाबली नाही, तर यंत्र काहीही न बोलता पुढे निघून जाते. कळ दाबली, तर समोर यादी येते आणि तिच्यात सर्वांत वर, आधीच निवडून ठेवलेला पर्याय असतो तो 'कंटिन्यू बूट', म्हणजे काहीही न करता पुढे चला! जन्मात प्रथमच हा पडदा पाहणारा मनुष्य, ज्याला कोणी पूर्वसूचना दिली नाही, तो एन्टर दाबील की खाली उतरून 'एनरोल मोक' निवडील? पंडितांनी प्रामाणिकपणे सांगावे, पहिल्या वेळी त्यांनी काय दाबले होते.

यावर त्यांचा तोडगाही तयार असतो: सिक्युअर बूटच बंद करून टाका. हा सल्ला देणाऱ्यांच्या धाडसाचे मला नेहमी कौतुक वाटते. शेजारच्या पार्टिशनवर विंडोज असेल आणि ते बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सिक्युअर बूटची स्थिती बदलताच ते ४८ अंकी रिकव्हरी की मागून बसू शकते. आणि ती की कोठे ठेवली आहे हे ज्या घरात कोणालाच ठाऊक नाही, अशी घरे थोडी नसावीत. ड्रायव्हर चालू करण्यासाठी माणसाला त्याच्याच फाइलींपासून पारखे करणारा हा उपाय, आणि तो सुचवणारा मात्र जाणकार!

पण खरी मेख याहून खोल आहे, आणि तिथे पंडितांची बाजू वरकरणी बळकट दिसते. कर्नलच्या आतील भागाशी मॉड्यूलांचा जो व्यवहार चालतो, तो स्थिर ठेवण्याचे बंधन कर्नलच्या कर्त्यांनी जाणूनबुजून स्वीकारलेले नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे या विषयावरचे टिपण कर्नलच्या दस्तऐवजांतच समाविष्ट आहे, आणि त्यातला युक्तिवाद सुसंगत आहे: आतली रचना सुधारत राहिली पाहिजे, ज्याला आपला ड्रायव्हर टिकवायचा आहे त्याने तो मूळ कर्नलमध्ये दाखल करावा, म्हणजे रचना बदलणाराच त्या ड्रायव्हरचीही दुरुस्ती करून ठेवील. हे मला मान्य आहे. एवढेच मी मान्य करणार आहे. एनव्हिडियाने आपला ड्रायव्हर आत आणला नाही. वर्षानुवर्षे तिची रीत अशी, की मुख्य भाग बंद ठोकळ्याच्या रूपात द्यायचा, आणि त्याला कर्नलशी जोडणारा एक पातळ थर सोर्स कोडच्या रूपात. हा थर ज्याच्या त्याच्या यंत्रावर, ज्याच्या त्याच्या कर्नलच्या मापाने, प्रत्येक नव्या कर्नलच्या वेळी पुन्हा बांधायचा. मे २०२२ मध्ये तिने कर्नलमधल्या मॉड्यूलांचा कोड एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली प्रसिद्ध केला खरा, पण तोही मूळ कर्नलमध्ये गेलेला नाही, आणि त्याच्या वरचा सगळा डोलारा बंदच राहिला आहे. मग कर्नलकर्ते म्हणतात, बाहेर राहिलात तर तुमचे तुम्ही पाहा. कंपनी म्हणते, आम्ही आमचे पाहतो. आणि प्रत्यक्षात पाहतो कोण? तर ज्याने रविवारच्या सकाळी सुरक्षेचा अपडेट निमूटपणे स्वीकारला, तो गृहस्थ!

तो अपडेट काय करतो ते बघा. नवा कर्नल येतो. डीकेएमएस नावाची, २००३ साली डेल कंपनीच्या अभियंत्यांनी सुरू केलेली व्यवस्था त्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधायला घेते. त्यासाठी त्याच कर्नलची हेडर पॅकेजे हजर हवीत. ती नसली, तर बांधणी होत नाही, आणि ती झाली नाही हे पडद्यावर धावणाऱ्या शेकडो ओळींमधल्या एखाद्या ओळीत कळवले जाते. फेडोरात हेच काम पडद्याआड होते आणि त्याला काही मिनिटे लागतात. तेवढे न थांबता ज्याने यंत्र पुन्हा सुरू केले त्याच्या नशिबी अर्धवट बांधलेले मॉड्यूल. आणि इकडे बंदिस्त ड्रायव्हर टाकतानाच नूव्होला काळ्या यादीत घातलेले असते. जुन्या रखवालदाराला आदल्या रात्रीच कामावरून काढावे आणि नवा सकाळी हजरच होऊ नये, तशी त्या यंत्राची गत होते. कधी अवाढव्य अक्षरांचा ढोबळ पडदा, कधी निव्वळ अंधार. आता या साखळीत वापरणाऱ्याने केलेली चूक कोणती, ती कोणीतरी बोट ठेवून दाखवावी. अपडेट घेतला ही? मग न घेणाऱ्यांना बेजबाबदार म्हणणारे तुम्हीच ना?

नूव्होवरच समाधान मानावे, असा उपदेशही काही विरक्त मंडळी करतात. त्यांना हे ठाऊक नसेल असे नाही, की २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीने आपल्या सहीचे फर्मवेअर अनिवार्य केले, आणि परिणामी नूव्होला वर्षानुवर्षे त्या व पुढच्या पिढ्यांच्या कार्डांचा वेग वाढवताच येईना. यंत्र सुरू होताना जी मंद गती असेल तीच कायम. नूव्होच्या कर्त्यांनी केवळ निरीक्षणाच्या बळावर जे उभे केले ते विलक्षणच आहे. पण हजारो रुपयांच्या कार्डाकडून त्याच्या शक्तीचा अंशच मिळावा आणि त्यातच आनंद मानावा, हा संन्यासधर्म झाला.

'एएमडी घ्यायचे होते' हे तर या मंडळींचे पालुपद. वस्तुस्थिती म्हणून त्यात तथ्य आहे: एटीआय विकत घेतल्यानंतर २००७ पासून एएमडीने आपल्या कार्डांची माहिती खुली करायला सुरुवात केली, आणि २०१५ च्या ४.२ या कर्नलपासून तिचा 'एएमडीजीपीयू' ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच आहे. पण ज्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाची साधने सर्वप्रथम कुडासाठी लिहिली जातात, आणि कुडा ही २००७ पासून एनव्हिडियाची खाजगी मालमत्ता आहे, त्याला निवड होतीच कोठे? ज्याला घरातला जुना लॅपटॉप मिळाला, ज्याच्या लॅपटॉपात इंटेल व एनव्हिडिया अशी दोन कार्डे एकत्र जुंपलेली आहेत आणि एचडीएमआयचे तोंड नेमके एनव्हिडियाला जोडलेले आहे, त्याने ऐन सादरीकरणाच्या वेळी प्रोजेक्टर काळा राहिला म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या खरेदीचा पश्चात्ताप करायचा? शिवाय हीच मंडळी एफजीएलआरएक्स हे नाव सोयीस्करपणे विसरतात. एएमडीच्या त्या बंदिस्त ड्रायव्हरने एके काळी किती संसार उधळले, याच्या कहाण्या त्यांच्याच तोंडून मी ऐकल्या आहेत.

या सर्व आरोपांत एक विसंगती अशी आहे की ती पाहून हसू आवरत नाही. २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनस टॉर्वल्ड्स यांनी एनव्हिडियाच्या असहकाराविषयी बोलताना कॅमेऱ्याकडे पाहून हाताचे मधले बोट उगारले. ते दृश्य जगभर गेले, त्यावर टाळ्या पडल्या, आणि आजही ते दाखवून माना डोलावणारे लोक आहेत. म्हणजे सभेत दोष कंपनीचा! मग तीच कंपनी, तोच ड्रायव्हर, तोच अंधार एखाद्या शिक्षकाच्या किंवा वकिलाच्या मेजावर अवतरला, म्हणजे दोष एकाएकी त्याचा कसा होतो? निर्मात्याला ज्या गोष्टीने इतका संताप आणला ती गोष्ट सामान्य माणसाने मात्र एका दुपारी, हसतमुखाने, दस्तऐवज वाचून निस्तरावी, ही अपेक्षा कोणत्या तर्कशास्त्रात बसते? बरे, ज्यांना निस्तरायचे होते त्यांनी ते निस्तरून दाखवलेही आहे. उबुंटू कित्येक कर्नलांसाठी आधीच बांधलेली आणि स्वतःच्या किल्लीने सही केलेली एनव्हिडियाची मॉड्यूले देते. त्यांच्या वाटेने गेले तर निळा पडदा नाही, घरची किल्ली नाही, बांधणी नाही. सिस्टम७६ ने आपल्या पॉप ओएसचे एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसह स्वतंत्र आयएसओच काढले. तेव्हा हा अंधार ईश्वरी संकेत नव्हे; कोणीतरी न केलेल्या कामाचा तो परिणाम आहे.

राहता राहिला तो 'अडचणींतून शिकण्याचा' उपदेश. ग्रबच्या यादीवर 'ई' दाबायचे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अखेरीस 'क्वाएट स्प्लॅश' च्या पुढे 'नोमोडसेट' लिहायचे आणि एफ१० दाबून तात्पुरता उजेड पाडायचा, ही विद्या ज्याला हौस आहे त्याने अवश्य शिकावी. मलाही ती आवडते. परंतु ज्याला घटनेचा अभ्यास करायचा आहे, ज्वारीवरील किडीचे आकडे मांडायचे आहेत किंवा लग्नाची चित्रफीत जोडायची आहे, त्याला ही विद्या सक्तीने शिकवण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या सनदेने मिळाला? आणि जे मुक्त सॉफ्टवेअरचे वारस म्हणवतात, त्यांनी तर हा उपदेश तोंडातून काढूच नये. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम प्रज्ञा प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडके, आणि जुन्या प्रिंटरवर रिचर्ड स्टॉलमन यांनी जी सुधारणा करून ठेवली होती, ती नव्यावर करता येईना, कारण त्याचा सोर्स कोड मिळेना. तो ज्याच्याकडे होता त्याने करारावर बोट ठेवून नकार दिला. त्या नकाराने पेटलेल्या माणसाने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. तेव्हा या चळवळीच्या मुळाशी बंदिस्त सॉफ्टवेअरमुळे अडून बसलेल्या एका यंत्राविषयीची तक्रारच आहे. त्या प्रयोगशाळेत कोणी स्टॉलमनना 'तुम्ही दस्तऐवज वाचले नाहीत' असे ऐकवून वाटेला लावले असते, आणि त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले असते, तर आज उपदेश करायला ही मंडळी कशावर बसली असती?

म्हणून स्पष्ट सांगतो. काळ्या पडद्याच्या या साखळीत कंपनीचा स्वार्थ आहे, कर्नलकर्त्यांचे धोरण आहे, वितरणकर्त्यांची दिरंगाई आहे, फर्मवेअर लिहिणाऱ्यांची बेफिकिरी आहे. या सर्वांना बोलता येते, या सर्वांना आपापला पक्ष आहे. ज्याला कोणत्याही निर्णयात मत नव्हते, कोणत्याही बैठकीस ज्याला बोलावले नव्हते, असा या प्रकरणातला एकमेव पक्षकार म्हणजे वापरणारा, आणि शिक्षा सुनावली जाते ती नेमकी त्याला. या न्यायाला मी न्याय म्हणणार नाही.

जाणकारांना माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या वेळी कोणी ही तक्रार घेऊन आला, तर प्रवचनाआधी त्याला तीन प्रश्न विचारावेत: कार्ड कोणत्या पिढीचे आहे, सिक्युअर बूट चालू आहे की बंद, आणि चालू कर्नलसाठी मॉड्यूल बांधले गेले आहे काय, हे 'डीकेएमएस स्टेटस' काय सांगते. बहुतेक तक्रारींचा उलगडा या तीन उत्तरांत होतो. ज्यांना एवढे विचारण्याचेही श्रम नको असतील, त्यांनी निकालही देऊ नये.